त्रेपन्नावा दिवस

“खिसा उलटा करा.”

जानराव गवई उंबऱ्यातच थांबला. गावाला सकाळचं पाणी सोडून तो नुकताच घरी आला होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि पोटात भूक होती. सिंधूताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय आत जायला वाट नव्हती.

“कायले?” त्यानं विचारलं.

“करा म्हणलं ना.”

त्यानं शर्टाचा खिसा उलटा केला. विडीऐवजी चघळायची मूठभर सोप, दोन लवंगा आणि फोन. सिंधूताईनं लवंगासुद्धा निरखून पाहिल्या. मग त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि नाक लावलं.

“विडीचा वास येऊन राह्यला.”

“उकंडरावजवळ बसलो होतो. थो पेत होता. म्या नाई.”

“बसता कायले त्याच्याजवळ?”

“मंग कोणाजवळ बसू? विडी न पेणारा माणूस दाखव मले या गावात, त्याच्याजवळ बसतो.”

ती बाजूला झाली, पण नजर हलली नाही. जानराव चुलीजवळ जाऊन बसला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत या बाईनं त्याच्या खिशाला कधी हात लावला नव्हता. विडी सोडली आणि झडती सुरू झाली. तो एकतिसावा दिवस होता.

जानराव वडनेरच्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याला होता. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कोणत्या आळीत चढावर पाणी उशिरा पोचतं, हे सगळं त्याच्या हाताला पाठ होतं. दर दोन दिवसांनी टाकीवर चढून ब्लिचिंग पावडर टाकायची, हेही त्याचंच काम. टाकीला शहाण्णव पायऱ्या होत्या. भादव्यातल्या एका सकाळी अठ्ठावन्नाव्या पायरीवर त्याचा श्वास संपला. संपला म्हणजे संपलाच. तोंड उघडं, पण आत काही जाईना. कठडा धरून तो तसाच लटकल्यासारखा उभा राहिला. शेवटी पंपावरचा गणेश वर आला आणि एकेक पायरी मागं घेत त्यानं त्याला खाली आणलं.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दिवसाला किती विड्या ते विचारलं. दोन कट्टे, हे ऐकून नळी काढून ठेवली.

“गवई, विडी सोडा, नाहीतर शिडी सोडा.”

शिडी सोडणं म्हणजे काम सोडणं. निवृत्तीला तीन वर्षं होती. टाकीवर चढू न शकणारा माणूस ग्रामपंचायत कशाला ठेवेल? जानरावानं अर्धा कट्टा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. पंपघराच्या भिंतीवर त्या दिवशी त्यानं कोळशानं एक रेघ ओढली. मग रोज एक.

पहिले आठ दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. सकाळी उठल्यावर विडीशिवाय पोट साफ होईना. डबा घेऊन जायचा आणि तसाच परत यायचा. हात रिकामे वाटायचे. ताटात मीठ कमी म्हणून भांडायचा, मग जास्त म्हणून भांडायचा. तोंडात फोड आले. गणेशवर तर एकदा पान्हाच उगारला, कारण काय तर तो शीळ वाजवत होता.

आणि मग खोकला. विडी होती तेव्हा सकाळचा दहा मिनिटांचा खोकला असायचा. विडी सुटली आणि खोकला दिवसभराचा झाला. बेडका पडायचा तो काळपट.

त्याची मुलगी सारिका खामगावला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं दुसऱ्याच आठवड्यात त्याला बोलावून छातीचा एक्स-रे काढून घेतला होता. फोनवर म्हणाली, “बाबा, थे चांगलं हाये. आतली घाण बाहेर येऊन राह्यली. फुप्फुस सोताची झाडझूड करते. एक-दीड महिना चालन असं.”

“अन् एक्स-रे?”

“चांगला हाये ना. सांगतलं ना तुमाले.”

“मले दाखव.”

“माह्याजवळ हाये. आणतो कधीतरी.”

कधीतरी. जानरावाच्या मनात तो शब्द कुसळासारखा राहिला. चांगला असता तर पहिल्याच रविवारी आणून दाखवला असता.

त्यात उकंडराव. दोघं एका वर्गात शिकले, एकाच दिवशी सातवीत नापास झाले आणि पहिली विडीही एकाच काडीवर पेटवली. उकंडरावाचं घर माळी आळीत, शेती पूर्णा नदीकडे. पाणी सोडून झालं की जानराव त्याच्या ओट्यावर टेकायचा.

“अशी एकदम सोडू नाई बे,” उकंडराव धूर दुसऱ्या अंगाला सोडत म्हणाला. मित्राचा एवढा विचार तो करायचा. “आमच्या मामानं सोडली अन् तीन महिन्यात गेला. विडी हाये तवर छाती बांधेल राह्यते. सोडली का आतलं सारं मोकळं होते.”

“डॉक्टर म्हणते बरं होते म्हणून.”

“डॉक्टर तुले खरं सांगन? घरच्याईले सांगते थो. तुले नाई.”

जानराव ओट्यावरून उठला. पण घरी जाताना तो या वाक्यासोबतच चालत होता.

शरीर मात्र त्याच्या संशयाला दाद देईना. विसाव्या-बाविसाव्या दिवशी तो एका दमात सत्तर पायऱ्या चढला. वर गेला, ब्लिचिंगची गोणी उघडली आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. वीस वर्षं तो ही गोणी उघडत होता. तिला एवढा उग्र वास आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. खाली येऊन त्यानं तोटीचं पाणी ओंजळीत घेतलं, तर त्यालाही तोच वास. तिसऱ्या वॉर्डातली सत्यभामाबाई किती वर्षं ओरडत होती की पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. तो तिला म्हणायचा, बाई, तुमच्या नाकातच दवाखाना हाये. त्या दिवसापासून त्यानं पावडर अंदाजानं टाकायची सोडून मापानं टाकायला सुरुवात केली आणि तिच्या दारात जाऊन सांगितलं, “बाई, तुमचं खरं होतं. पावडर जास्त पडत होती.”

सत्यभामाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काऊन? इलेक्शन लागलं का?”

नाक असं उघडलं तशी जीभही उघडली. ठेच्यातला लसूण वेगळा कळू लागला, मिरची वेगळी. पँटचं हुक लागेना. रात्री पाय गार पडायचे ते बंद झालं. हे सगळं त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच मागून विचार यायचा: विझायच्या आधी दिवा मोठा होतो.

घरात तर काहीतरी शिजत होतंच. त्या वर्षी सिंधूताई कापूस वेचायला गेली नाही. दर दिवाळीच्या आगेमागे ती बायांच्या टोळीत पहाटेच निघायची. या वेळी म्हणाली, गुडघे दुखतात. पण ती गुडघ्याला तेल लावताना त्याला कधी दिसली नाही. तिला घरी राहून आपल्यावर पाळत ठेवायची आहे, असं त्याचं मत झालं. ती दोन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपायची. तो खोकला की लगेच डोळे उघडायची. आपला श्वास मोजते आहे, त्याला वाटायचं.

मग एक दिवस त्याला सरपणाच्या मागं कॅप्सूलचं रिकामं पाकीट सापडलं. नीट घडी घालून खुपसलेलं. गोळ्या कोणाच्या? त्यानं तर घेतलेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून तो चहा पिण्याआधी हुंगू लागला.

“काय पाह्यता?” सिंधूताईनं विचारलं.

“काई नाई. अद्रक टाकलं का?”

“रोजच टाकतो.”

“नाई, म्हणलं दुसरं काई.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो तिच्याकडे. चहावर साय धरली.

पन्नासाव्या दिवशी तो दुपारी अचानक घरी आला. व्हॉल्व्हचं पॅकिंग घरी विसरलं होतं. सिंधूताई मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती. आवाज दबका होता, पण जानरावाच्या कानाला काही झालेलं नव्हतं.

“पंचेचाळीस टक्केच का? ... हाव. ... सोमवारी येतो. ... नाई, त्याईले नोको सांगू, सारिका. तुले माही शपथ हाये. सारं मोडन.”

जानराव पॅकिंग न घेताच परत गेला. पंपघरात मोटरीच्या आवाजात बसून राहिला. पंचेचाळीस टक्के. अर्धंही नाही. भिंतीवरच्या पन्नास रेघा त्यानं पाहिल्या. मुलीनं आईला सांगितलं, आईनं मुलीला शपथ घातली आणि ज्याची छाती त्याला सोप चघळायला दिली. उकंडराव बरोबर होता.

सोमवारी सिंधूताईनं धुतलेलं लुगडं नेसलं. “सारिकाकडे जाऊन येतो. चार वाजेलोक येतो.”

“जाय,” तो म्हणाला. “माह्यं जयभीम सांगजो.”

ती हायवेवरून मलकापूरकडून आलेल्या बसमध्ये चढली. पुढची बस पाऊण तासानं होती. त्या बसमध्ये जानराव होता. वॉर्डांचं पाणी त्यानं गणेशवर सोपवलं होतं. कुठं चाललास म्हणून गणेशनं विचारलं तर म्हणाला, मरणाची तारीख आणाले.

खामगावच्या स्टँडबाहेर त्याचे पाय आपोआप पानठेल्याकडे वळले. आता कशासाठी जपायचं? त्यानं एक कट्टा घेतला. कागद सोडला आणि तंबाखूचा वास नव्या नाकात शिरला, इतका दाट की डोकं गरगरलं. एक विडी त्यानं ओठांत धरली. ठेल्याला दोरी टांगलेली होती, तिचं टोक धुमसत होतं. वाकायचंच काय ते बाकी होतं.

तो वाकला नाही. पहिले आपला कागद पाहायचा, मग पेटवायची. आपल्याला फसवलं हे त्यांच्या तोंडावर सांगायचं आणि त्यांच्यासमोरच धूर सोडायचा. ओठांतली विडी त्यानं परत कट्ट्यात खोचली.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाला त्यानं नाव सांगितलं. “गवई. जानराव गवई. छातीचा काई कागद असन माह्या.”

त्या माणसानं रजिस्टरवरून बोट फिरवलं. “तुमचा एक्स-रे तर दीड महिन्याआधी दिलेला आहे. नॉर्मल लिहिलंय.”

“थे जाऊ द्या. आजचं पाहा. आज काई हाये का?”

बोट खाली सरकलं. पहिला शब्द त्यानं तोंडातल्या तोंडात वाचला. “...जानराव गवई. हो, आहे. फुंकायची तपासणी. अकरा नंबर.”

जानरावाला वाटलं होतं, नक्की कळलं की पाय गळतील. तसं झालं नाही. उलट एक प्रकारचं समाधानच वाटलं, चोर सापडल्यासारखं. तो ताठ चालत अकरा नंबरपाशी गेला. दार अर्धवट उघडं होतं, पडदा होता. आतून एका बाईचा मोठा आवाज येत होता.

“फुंका, फुंका, फुंका, फुंका! सोडू नका! अजून, अजून... सुटलं. परत करू.”

पडद्याच्या फटीतून त्याला आधी सारिका दिसली, पांढऱ्या कोटात, कोणाच्या तरी पाठीवर हात ठेवून. मग पाठ दिसली. मग धुतलेलं लुगडं.

सिंधूताई स्टुलावर बसली होती. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. तिनं पुन्हा श्वास घेतला, खांदे वर गेले आणि तिनं जीव काढून फुंकलं. समोरच्या पडद्यावरची रेघ थोडी चढली आणि लगेच खाली लोळली. तिसऱ्या वेळेला तिचे गाल नुसतेच फुगले. नळी काढून ती धापा टाकत राहिली. असं धापा टाकताना जानरावानं तिला कधी पाहिलं नव्हतं. की तिनं पाहू दिलं नव्हतं?

डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेतला. “मागच्यासारखंच आहे. पंचेचाळीस. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, सिंधूताई, पण आहे ते राखता येतं. ती ओढायची कॅप्सूल रोज घ्यायची, विसरायचं नाही. आणि धूर बंद. चुलीचा बंद, दुसऱ्याचाही बंद. घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं?”

सिंधूताईला उत्तर द्यायला श्वास गोळा करावा लागला.

“पेत होते. सोडली त्याईनं.” ती थांबली. मग मान थोडी वर करून म्हणाली, “आज त्रेपन्न दिस झाले.”

जानराव पडद्यापासून मागं सरला. व्हरांड्यात एक बाकडं होतं, त्यावर बसला. त्यांच्या घराची खोली एकच. टिनाची, एका खिडकीची. चौतीस वर्षं सकाळी ती चूल फुंकायची आणि तो बाजेवर पडून दिवसाची पहिली विडी ओढायचा. दोन्ही धूर त्या एकाच खिडकीतून बाहेर जायचे. जेवढे जायचे तेवढे. बाकीचे कुठं गेले, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा तो तिथंच होता. सारिकाच्या हातातली फाईल खाली पडता पडता राहिली.

“बाबा, तुमी? कवा आले?”

“फुंकून राह्यली होती तवा.”

सिंधूताई हळूच त्याच्या शेजारी बसली. बसता बसता तिचं नाक हललं.

“खिशात काय हाये?”

त्यानं कट्टा काढून तिच्या हातावर ठेवला.

“एक तोंडात धरली होती,” तो म्हणाला. “पेटवली नाई.”

सारिकाच्या कपाळावर आठी पडली. ती काही बोलणार होती, पण सिंधूताईनं हात वर करून तिला थांबवलं. तिनं विड्या मोजल्या नाहीत. वासही घेतला नाही. कट्टा मुलीकडे देऊन म्हणाली, “फेकून दे थे.”

सारिका कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

“सांगतलं काऊन नाई मले?” जानरावानं विचारलं.

“सांगतलं असतं त तुमी काय केलं असतं?”

खोटं बोलायची सोय नव्हती.

“विडी पेटवली असती.”

“मंग?”

व्हरांड्यातून एक स्ट्रेचर गेलं. त्यानं पाय आत ओढून घेतले.

“मले वाटे तू माह्यावर पाळत ठेवून राह्यली.”

“ठेवतच होतो ना,” ती म्हणाली. “रोज वाटे, आज पेले असन. तुमचा भरोसा नव्हता मले. मले वाटलं दहा दिस टिकन, फार त पंधरा.” तिनं दम घेतला. “तुमी त टिकूनच राह्यले.”

“अन् म्या चहा हुंगत होतो.”

“पाह्यलं म्या थे. माह्या गोळ्या तुमच्या चहात कायले टाकीन? एवढ्या दूर बसनं येऊन आणा लागते त्या.”

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. जानरावानं तिच्या पाठीवर हात ठेवला. लुगड्याखालून प्रत्येक श्वास त्याच्या तळव्याला लागत होता, आत घर्र असा. एवढा मोठा आवाज आपल्या कानाला कसा आला नाही, असं त्याच्या मनात आलं. आपल्याच छातीला कान लावून बसलो होतो.

सारिकानं त्या दिवशी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. कॅप्सूल यंत्रात घालून कशी ओढायची, पायांना सूज आली तर काय करायचं, गॅसची शेगडी आता कोपऱ्यात झाकून ठेवायची नाही. तो शाळेतल्यासारखा मान डोलवत होता. मधेच त्यानं विचारलं, “माह्यामुळंच झालं का थे?”

सारिका आईकडे पाहू लागली.

“तिकडे नोको पाहू. मले सांग.”

“चुलीनंही झालं, बाबा. दोन्हीनं.”

“दोन्हीनं,” तो म्हणाला.

चारच्या बसनं दोघं परतले. हायवेवरच्या फाट्यावर उतरले तेव्हा शाळा सुटली होती आणि बैलगाड्या कापसाचे गठ्ठे घेऊन गावात शिरत होत्या. फाट्यापासून घर काही लांब नाही. पण रस्ता चढाचा. शंभर पावलांवर जानरावाला जाणवलं की आपण एकटेच चाललो आहोत. वळून पाहिलं तर सिंधूताई पदर सारखा केल्यासारखं करत उभी होती.

तो मागं आला. “बस जराशी. त्या ओट्यावर.”

“नोको. लोक पाह्यतात.” तिचे ओठ निळसर झाले होते. “चला तुमी. येतो म्या.”

लोक खरंच पाहत होते. दुकानाच्या बाकावर तिघं-चौघं होते आणि त्यांचं बोलणं थांबलं होतं. जानरावानं इकडंतिकडं पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला, व्हॉल्व्हच्या हौदाशी जाऊन तो उकिडवा बसला. दोन्ही हातांनी लोखंडी झाकण उचलून बाजूला सारलं आणि आत डोकावलं. आत सगळं कोरडं, ठणठणीत होतं. कोळ्याचं एक जाळं तेवढं होतं.

“काय झालं बे, जानराव?” बाकावरून एकानं संशयानं विचारलं. “लीकेज हाये का? उद्या पाणी येते का नाई?”

“येते. पाह्यून राह्यलो.”

त्यानं हात आत घालून कोरड्या पाइपावर फिरवला. बाकावरच्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. नवऱ्याच्या कामासाठी थांबावं लागलेल्या बाईसारखी सिंधूताई त्याच्या मागं उभी होती. तो वळला नाही. आधी तिचा श्वास तुटक येत होता, मग जरा लांब, मग आणखी लांब. जानराव पाइप तपासत राहिला.

“चला,” थोड्या वेळानं ती म्हणाली.

त्यानं झाकण जागेवर बसवलं, हात पँटीला पुसले आणि तिच्या पावलांनी चालू लागला.